ओहोटीला काय दिसतं आणि ते मुलांना कसं दाखवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्याचे, दर डिसेंबरात रत्नागिरी-गणपतीपुळ्याकडे येता. मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊचा. पुस्तकात समुद्रफूल, तारामासा, ऑक्टोपस असं सगळं असतं, तुम्हाला मात्र फुटक्या शिंपल्या आणि पळणारे खेकडे याखेरीज काही दिसत नाही. कुठे बघायचं, कधी बघायचं, विषारी काय आणि मुलगा म्हणतो तसे एखाद-दोन प्राणी बाटलीतून घरी नेऊन टाकीत ठेवता येतील का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो: नाही. बाटली घाट ओलांडायच्या आत तापते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि घरी पोहोचते ती दुर्गंधी. शिवाय सगळ्या जातींच्या समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे मऊ प्राणी) आणि दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा खिशात घालू नका.

आता मूळ प्रश्न. तुम्हाला काही दिसत नाही, कारण तुम्ही चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी उभे असता. रागावू नका, मीही तेच करायचो. प्राणिशास्त्र शिकवायला लागल्यावर पहिली दोन वर्षं मुलांना सकाळी नाश्ता झाल्यावर दहा वाजता किनाऱ्यावर न्यायचो, तेही पौर्णिमेला. त्या वेळी भरती चढत आलेली. मुलं लाटा बघून परत. शेवटी कालवं काढायला निघालेल्या एका आजींनी हसून विचारलं, "गुरुजी, पाणी असताना काय बघतांव?" तेव्हापासून मी आधी कालनिर्णय बघतो आणि मग बस ठरवतो.

तिथीचा हिशेब कोकणात सगळ्यांना येतो, शहरात विसरलेत. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाचची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेचारला भरती आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, दहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराच्या पुढे ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या आसपास. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, गावागणिक फरक पडतो. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते.

पण वेळेइतकंच महत्त्वाचं आहे ते पाणी किती खोल उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, आणि सगळ्यात खोल ओहोटी बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांनी लागते. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया हे माझे लाडके दिवस. मुंबईला उधाणात पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं, दक्षिणेकडे ते कमी होत जातं, गोव्यात जेमतेम दोनेक मीटर. रत्नागिरी मध्ये. तक्त्यात ओहोटीची उंची अर्ध्या मीटरच्या खाली दिसली तर झोपमोड करा, त्याहून जास्त असेल तर खुशाल आंबोळ्या खात बसा.

जागेचं म्हणाल तर तुम्ही बहुतेक मोकळ्या वाळूवर फिरत असणार. वाळूवरही पुष्कळ काही राहतं, पण ते खाली, वाळूत पुरलेलं असतं. डोळ्यांना दिसणारं जग खडपात, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावर. गणपतीपुळे, आरे-वारे, वेळणेश्वर अशा पुळणींच्या टोकांना जिथे वाळू संपून काळा दगड सुरू होतो, तिथे जा. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोहोचायचं, उतरत्या पाण्यामागून पुढे जायचं आणि पूर्ण ओहोटीची वेळ झाली की पाठ फिरवायची. हा एकच नियम मी कडक पाळतो. पाणी समोरून येतंय असं वाटतं, प्रत्यक्षात ते आधी मागच्या घळीत भरतं आणि तुम्ही बेटावर उभे राहता. मुलांबरोबर असताना समुद्राकडे पाठ करून वाकायचं नाही. एक मोठं माणूस सतत लाटांकडे बघत राहील अशी वाटणी करा.

पायात जुने कॅनव्हासचे बूट हवेत. चपला निसटतात आणि कालवांची धार ब्लेडसारखी असते. कालवाने कापलेलं सहजासहजी भरत नाही, म्हणून लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा. सूज किंवा ताप आला तर डॉक्टर गाठा. तिथे "मीठपाण्यानेच बरं होईल" हे शहाणपण नको.

खडपावर एक मजा अशी आहे की कोण कुठे राहतो हे उंचीवरून ठरतं. सगळ्यात वर, जिथे लाटेचे फक्त शिंतोडे पोहोचतात, तिथे हरभऱ्याएवढे करडे शंख दगडाच्या भेगांत दाटीने चिकटलेले असतात. ते कवचाचं दार घट्ट मिटून तासन्‌तास कोरडे राहू शकतात. त्याखाली बार्नॅकल. मुलं त्यांना खरबरीत दगडच समजतात. होडीच्या बुडाला जे धारदार पांढरे सुळके चढतात आणि दर वर्षी खरवडून काढावे लागतात तेच हे. दिसतात शिंपल्यासारखे, पण जातीने खेकडा-कोळंबीचे भाऊबंद. पोरवयात पाण्यात पोहतात, मग डोकं दगडाला चिकटवून आयुष्यभर उलटे राहतात आणि पायांनी अन्न तोंडात ओढतात. डार्विनसारख्या माणसाने 1846 ते 1854 अशी आठ वर्षं या एका गटावर घालवली, त्यामुळे आपण पाच मिनिटं द्यायला हरकत नाही. पाणी भरलेल्या खळग्यात एखादा सापडला तर नाक पाण्याजवळ नेऊन स्थिर बसा. दार उघडतं आणि पिसाऱ्यासारखे पाय बाहेर येऊन चवरी ढाळल्यासारखे हलतात. माझ्या बघण्यातली सगळ्यात वात्रट पोरंसुद्धा इथे गप्प झालेली आहेत.

त्याच पट्ट्यात टोपीच्या आकाराची कवचं दगडाला गच्च बसलेली दिसतील. ही एक प्रकारची गोगलगाय. यातल्या बऱ्याच जाती भरतीत शेवाळ चरायला फिरतात आणि ओहोटीआधी परत नेमक्या आपल्या खाचेत येऊन बसतात. दगड खरवडणारे यांचे दात असे आहेत की 2015 मध्ये पोर्टस्मथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ते निसर्गातल्या सर्वांत मजबूत पदार्थांपैकी एक म्हणून मोजले. बोटाने किंवा सुरीने उचकटायचा प्रयत्न करू नका. ती सुटली तर बहुधा जखमी होऊनच सुटते.

मग कालवांचा पट्टा आणि त्याखाली खरा खजिना. पाण्याच्या अगदी कडेला, जे दोन-तीन तासच उघडं पडतं, तिथे दगडाच्या सावलीतल्या भिंतींवर पाहा. लिबलिबीत, जांभळट-हिरवट, वाळू आणि शिंपल्यांचे कण अंगाला चिकटवलेला गोळा दिसला तर ते मिटलेलं समुद्रफूल आहे. तेच पाण्यात उमलतं. बोट लावून "चिकटतं का बघू" हा खेळ सगळे खेळतात. मी खेळू देत नाही, कारण चाळीस मुलांनी एकेकदा बोट लावलं तर त्या बिचाऱ्याला दिवसभर मिटूनच बसावं लागतं. त्याच्याच आसपास तपकिरी-हिरवट, गादीसारखे पसरलेले, नाण्याएवढ्या तोंडांचे थर असतात. यांना झोॲन्थिड म्हणतात, प्रवाळांचे चुलत भाऊ. मुंबईत हाजी अलीच्या खडकांवरही त्यांची गादी पसरलेली आहे. त्यांतल्या पॅलिथोआ या गटात फार तीव्र विष असतं. हात लावू नका आणि त्यांच्यावर पाय देऊ नका. बाकी घाबरायचं कारण नाही, ते काही उडी मारून येत नाहीत.

मुंबईचं निघालंच आहे तर सांगतो, सिमेंटच्या जंगलालगतही हे सगळं आहे. किनारी रस्त्यासाठी 2020 मध्ये वरळी आणि हाजी अलीजवळचे प्रवाळ उचलून दुसरीकडे नेऊन लावावे लागले, तेव्हा कुठे अनेक मुंबईकरांना कळलं की आपल्याकडे प्रवाळ होते. तुमचे कोणी नातेवाईक दादर-माहीमला असतील तर पुढच्या वेळी रत्नागिरीपर्यंत यायचीही गरज नाही.

आता दगड उलटण्याबद्दल. खालच्या पट्ट्यात सुट्या दगडाखाली ठिसूळ तारे असतात, सापासारखे वळवळणारे बारीक हात, मधे बटणाएवढी तबकडी. शिवाय चपटे पोर्सेलीन खेकडे, कायटन नावाचे आठ पट्ट्यांचे चिलखत घातलेले प्राणी, कधी साळिंदरासारखे काळपट काटेरी गोळे (सी अर्चिन) आणि नशीब असेल तर मुठीएवढा ऑक्टोपस. त्याचं बीळ ओळखायची युक्ती अशी: बाहेर खेकड्यांच्या रिकाम्या कवचांचा उकिरडा असतो. दगड उलटताना तो स्वतःकडे उचला, म्हणजे खालचं काही निसटलं तर पलीकडे निसटेल. हळूहळू उचला, दोन मिनिटं बघा आणि होता तसाच, त्याच बाजूने, त्याच जागी परत ठेवा. दगडाच्या खालच्या बाजूला स्पंज, अंडी, नळीत राहणारे किडे चिकटलेले असतात. ती बाजू उन्हात राहिली की तासाभरात करपते. वरची शेवाळाची बाजू खाली गेली की तीही कुजते. उलटा सोडलेला दगड हे माझ्या मते किनाऱ्यावरच्या कचऱ्याइतकंच वाईट काम आहे, फरक इतकाच की कचऱ्याला दुर्गंधी येते म्हणून त्यावर बातम्या होतात.

पण खरं सांगू? दगड उलटण्यापेक्षा एका खळग्याशी बसणं जास्त फळतं. ताटाएवढा, स्वच्छ पाण्याचा, शेवाळ असलेला खळगा निवडा. आपली सावली त्यात पडू देऊ नका. पहिली तीन मिनिटं काही नाही. मग एक शंख चालायला लागतो, जरा जास्तच वेगाने. तो शंख नसतो, त्यात शिरलेला संन्यासी खेकडा असतो. याचं पोट मऊ आणि उघडं, म्हणून मेलेल्या गोगलगायीचं कवच भाड्याने घेतो. वाढला की मोठं घर लागतं. काही जातींत तर रिकामं मोठं कवच सापडलं की खेकडे आकाराप्रमाणे रांग लावतात आणि पहिला हलला की एकामागोमाग एक सगळे घरं बदलतात. मुलांना शंख-शिंपल्या गोळा करू द्यायच्या की नाही, याचं माझं उत्तर इथून येतं: फुटक्या शिंपल्या घ्या, भोकं पडलेल्या घ्या, पण सुस्थितीतला, वळणदार, रिकामा शंख तिथेच ठेवा. तो कोणाचा तरी पुढचा फ्लॅट आहे.

खळग्यातल्या हिरव्या शेवाळावर हिरवंच, पानासारखं, बोटाच्या पेराएवढं काही सरकताना दिसलं तर ती कवच नसलेली समुद्री गोगलगाय. यांतल्या काही जाती शेवाळाचा रस शोषतात आणि त्यातले हरितद्रव्याचे कण पचवत नाहीत, आपल्याच अंगात जपून ठेवतात. ते कण तिथे काही काळ सूर्यप्रकाशावर काम करत राहतात. बारा वर्षांच्या मुलीला प्रकाशसंश्लेषण नुकतंच शिकवलेलं असेल, तिला हे जरूर सांगा.

भोकं पडलेल्या शिंपल्यांचं वर लिहिलं, ते नऊ वर्षांच्या मुलासाठी. वाळूवर पडलेल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांत कोणीतरी ड्रिल मारल्यासारखं गोल, नेटकं भोक सापडतं, त्यात दोरा ओवून आम्ही लहानपणी माळा करायचो. ते भोक म्हणजे खुनाची खूण. वाळूत चंद्रशंख नावाची गुळगुळीत, गोल गोगलगाय असते. ती शिंपलीला आपल्या रुंद पायात गुंडाळते, आम्ल सोडत आणि दातांच्या पट्टीने किसत तासन्‌तास भोक पाडते आणि आतलं मांस खाते. बारकाईने बघा: भोकाची बाहेरची कड रुंद आणि आतली अरुंद, वाटीसारखी उतरती असेल तर काम बहुधा चंद्रशंखाचं. भोक सरळ नळीसारखं असेल तर मारेकरी बहुधा म्युरेक्स नावाची काटेरी गोगलगाय. दहा मिनिटांत वीस शिंपल्या जमवून कोणी किती मारले याचा तक्ता मुलगा स्वतः करेल. वाळूवर फाटक्या कॉलरसारखी, वाळूचीच बनलेली, वाकडी पट्टी सापडली तर फेकू नका. ती त्याच चंद्रशंखाची अंडी आहेत.

वाळूवर आणखी दोन गोष्टी. ओहोटीला साबुदाण्यासारख्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसते, मधल्या बिळापासून किरणांसारखी पसरलेली. तो वाटाण्याएवढा खेकडा वाळूच्या कणांवरचं खाद्य चाटून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. दहा पावलं दूर उकिडवे बसा आणि हलू नका, सगळे बाहेर येतील. दुसरी, चिखलट वाळूतून वर आलेली, शिंपल्यांचे तुकडे, काड्या, हल्ली प्लॅस्टिकचे धागेही चिकटवलेली करंगळीएवढी नळी. तुटलेली काडी समजून उपटू नका, आत डायोपाट्रा नावाचा बहुपायी किडा राहतो. भाट्याच्या खाडीकडे गेलात तर चिखलात एक नांगी अवाढव्य आणि दुसरी चिमुकली असलेले खेकडे हात हलवून बोलावताना दिसतील. ते सगळे नर. बोलावणं तुम्हाला नसतं.

भरतीरेषेवर वाहून आलेलं पांढरं, हलकं, होडीच्या आकाराचं हाड सापडेल. आमच्याकडे त्याला समुद्रफेस म्हणतात, वैद्य समुद्रफेन. ते फेसाचं नाही आणि माशाचंही नाही, म्हाकुलाच्या (कटलफिशच्या, म्हणजे ऑक्टोपसच्या भाऊबंदाच्या) पाठीतलं आतलं कवच आहे. आडवं मोडून भिंगातून बघा, असंख्य कप्पे दिसतील. या कप्प्यांतल्या पाण्याचं आणि वायूचं प्रमाण बदलून म्हाकूल पाण्यात तरंगायचं की बुडायचं ते ठरवतो. आणि तुमच्या देवघरात शाळीग्राम असेल तर तोही काढा. गंडकीच्या खोऱ्यातले शाळीग्राम हे अमोनाइट या प्राण्यांचे जीवाश्म, म्हणजे म्हाकूल आणि ऑक्टोपसचे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे नातेवाईक, आणि त्यांच्या चक्रातही असेच कप्पे असतात. हिमालयाच्या जागी एके काळी समुद्र होता, याचा इतका जवळचा पुरावा घरोघरी तुळस वाहून पुजला जातो, हे मला नेहमी विलक्षण वाटतं.

शंखांच्या दुकानांबद्दल एक इशारा. 'दक्षिणावर्ती शंख' म्हणून जे महागडे विकले जातात त्यातले बरेचसे अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या एका वेगळ्याच गोगलगायीचे असतात, जिची जवळपास सगळीच कवचं त्या बाजूला वळलेली असतात. आपल्या पूजेच्या शंखाच्या जातीत तसा एखादाच लाखांत निघतो, म्हणून तर त्याचं मोल. दुकानदाराने मुलांपुढे ढीग ओतला तर तो शंख खरा 'दक्षिणावर्ती' आहे का हे विचारायचीही गरज नाही.

विषारीपैकी झोॲन्थिड झाले. दुसरा, शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा शंख: आत जिवंत गोगलगाय असेल तर ती विषाचा दात भाल्यासारखा मारते. आपल्या किनाऱ्यावरचे बहुतेक लहान असतात, पण मुलांना भेद कळत नाही, म्हणून नियम सोपा ठेवा, शंकू उचलायचा नाही. (याच कुळातल्या एका जातीच्या विषावरून बनवलेलं वेदनाशामक 2004 मध्ये अमेरिकेत मान्य झालं.) तिसरा, ब्लू बॉटल. निळा, फुगलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा, मागे लांब निळे धागे. हा मुख्यतः पावसाळ्यात येतो. ऑगस्ट 2018 मध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर अनेकांना याने दंश केला होता. मेलेला, वाळलेला असला तरी धागे डसतात. डसला तर चोळू नका, वाळू घासू नका, लिंबू-दारू ओतू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा, उरलेले धागे चिमट्याने काढा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं तो भाग बुडवून ठेवा. श्वास लागला, छातीत दुखलं किंवा चेहऱ्यावर सूज आली तर थेट रुग्णालय.

डिसेंबरात अंधाऱ्या रात्री लाटा निळ्या चमकल्या तर मुलं विचारतीलच, म्हणून सांगतो: तो एकपेशीय नॉक्टिल्युका, आपल्या या यादीतला प्राणी नव्हे. पण बघायला उठवा त्यांना.

ओहोटी दुपारी पडत असेल किंवा समुद्र खवळलेला असेल तर रत्नागिरीतल्या झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं संग्रहालय बघा. आणि उधाणाची ओहोटी तुमच्या दिवसांत बसतच नसेल, तर हॉटेलचं आरक्षण तिथी बघून दोन दिवस पुढे-मागे करा. आजींच्या त्या प्रश्नापासून मी तरी तसंच करतो.